बंडीतली जोखीम

अख्ख्या मराठवाड्यात चोरांची जेवढी धास्ती असेल तेवढी सगळी आमच्या दाजींनी एकट्यानं आपल्या अंगावर घेतली होती, आणि गंमत म्हणजे चोरून न्यावं असं त्यांचं स्वतःचं काहीच नव्हतं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, मालक. त्यांचं बालपण गंगापूरकडच्या माळावर मेंढरांमागं गेलं. पुढं चरायला रानं उरली नाहीत, मेंढरं कमी झाली, आणि इकडं औरंगाबादेत चिकलठाण्याला कारखान्यांची धुराडी उभी राहिली, तेव्हा दाजी एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून चिकटले. मी त्याच कंपनीत आत मशीनवर होतो. कंपनीनं दाजींना खाकी वर्दी दिली, शिट्टी दिली, दंडुका दिला, पण त्यांच्या खांद्यावरची घोंगडी काही सोडवता आली नाही. साहेबांनी दोन-चारदा सांगून पाहिलं. दाजी म्हणाले, "साहेब, वर्दी तुमची हाय, पर गारठा माजा मलाच लागतुया." साहेबांनी नाद सोडला. मी मेहुणा, म्हणून दाजी म्हणायचो, आणि माझं ऐकून सगळी कंपनी त्यांना दाजी म्हणायला लागली.

आमच्याकडं एक रीत होती. लग्नात नवरीचं अंग मोकळं दिसता कामा नये. मग बापाची ऐपत असो नसो, दोन्हीकडच्या आत्या, मावश्या, चुलत्या, थोरल्या बहिणी आपापल्या अंगावरचं एकेक काढून द्यायच्या. कुणाची एकदाणी, कुणाची बोरमाळ, कुणाचे झुबे, कुणाच्या पाटल्या. लग्न लागलं, जेवणं उठली की ज्याचं त्याला परत. पण पैठणच्या मावशीची एकदाणी आणि करमाडच्या आत्याची बोरमाळ गंगापूरच्या नवरीच्या गळ्यात पोचायची कशी? यष्टीच्या गर्दीत बायामाणसांनी ती घालून जायचं म्हणजे जिवाला घोर. ही जोखीम कुणीतरी भरवशाच्या माणसानं न्यायची, आणि जोखीम म्हटलं की दाजी. ही कामगिरी त्यांना कुणी दिली, कधी दिली, कुणालाच ठाऊक नाही. माझं मत असं की ती त्यांनी स्वतःच घेतली आणि कुणाला नको म्हणायला जागाच ठेवली नाही.

त्यासाठी त्यांनी खास एक बंडी शिवून घेतली होती. वर्दीच्या आत घालायची, आणि तिला आतून खिसेच खिसे. सिटी चौकातल्या एका म्हाताऱ्या टेलरकडं दाजींनी हा बेत सांगितला तेव्हा मी सोबत होतो. चाचांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "इत्ते जेबां कायकू, दाजी? दुकान खोलना क्या?" दाजींनी इकडंतिकडं बघून हळूच सांगितलं, "चाचा, तुमी शिवा, पर कुणाला बोलू नगा." चाचा शब्दाचे पक्के. कुणाला एक अक्षर बोलले नाहीत. फक्त दाजी दुकानासमोरून चालले की बसल्या जागेवरून स्वतःच्या छातीवर हात ठेवायचे आणि मान हलवून खुणेनं विचारायचे, सगळं जागेवर आहे ना? दाजीही छातीवर हात ठेवून आहे म्हणायचे. महिनाभरात सगळ्या चौकाला समजलं की ह्या माणसाच्या छातीशी काहीतरी आहे.

दाजींचे नेम दोन. पहिला, ज्या बाईचा डाग, म्हणजे दागिना, तिनंच आपल्या हातानं फडक्यात बांधून गाठ मारायची. दाजी ती गाठ सोडणार नाहीत, आत काय आहे विचारणार नाहीत. दुसरा, ज्या हातानं घेतलं त्याच हातात परत द्यायचं. एकदा माझ्या चुलतीची बोरमाळ परत द्यायला गेले. चुलती रानात खुरपायला गेलेली आणि चुलता ओट्यावर बसलेला. चुलता म्हणाला, "द्या की इकडं. नवरा हाय मी तिचा." दाजी म्हणाले, "व्हय, पर घेताना तुमचा हात नव्हता." झालं. चुलत्यानं तोंड फिरवलं, चहा तर सोडाच, पाण्याचा तांब्यासुद्धा पुढं केला नाही. दाजी त्याच ओट्याच्या दुसऱ्या टोकाला दिवस मावळेपर्यंत बसून राहिले, चुलती आली, तिच्या हातात गाठ ठेवली आणि शेवटची यष्टी चुकली म्हणून फाट्यापर्यंत पायी गेले. असल्या माणसाला काय म्हणावं?

त्यांच्यासोबत प्रवास करणं म्हणजे शिक्षा. मला ती फार वेळा झाली, कारण अक्का म्हणायची, "जा रं संगं, येकलं माणूस हाय." बसायचं ते सगळ्यात मागच्या बाकावर, कारण पाठीमागून कुणी येऊ शकत नाही. तिथं चाकाचा प्रत्येक धक्का थेट टाळूपर्यंत जातो. डोळा म्हणून मिटायचा नाही. आणि चोरांना संशय येऊ नये म्हणून सबंध वाटेनं स्वतःच्या गरिबीचं गाऱ्हाणं, तेही मोठ्यानं. "काय सांगू पाव्हणं, घरात फुटका मणी नाय. अंगावर हाय तेवढंच." एकदा पुढच्या बाकावरच्या म्हातारीला हे ऐकून गलबलून आलं. तिनं आपल्या धडप्यातली भाकरी आणि ठेचा काढून दाजींच्या हातावर ठेवला. दाजी नुकतेच पोटभर जेवून निघालेले. पण फुटका मणी नसलेला माणूस भाकरीला नको म्हणेल कसा? खाल्ली बिचाऱ्यांनी, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खाल्ली. ते पाणी बघून म्हातारीनं आणखी एक काढली.

पण पैठणच्या यष्टीत जे झालं त्याला तोड नाही. त्या खेपेला जोखीम मोठी होती आणि दाजींनी नवी युक्ती काढली. गाठी पिंढरीला बांधल्या, वरून चिंध्या गुंडाळल्या आणि पाय मोडल्यासारखे लंगडत यष्टीत चढले. नशीब असं की शेजारी येऊन बसला तो गावोगाव हाडं बसवत फिरणारा वैदू. त्यानं पायाकडं बघितलं, दाजींच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाला, "कुणी बांधलंय हे? सोडा, दोन मिंटांत नीट करतो." दाजी म्हणाले, नको. तो म्हणाला, पैसे घेणार नाही. दाजी म्हणाले, तरी नको. तो म्हणाला, अहो, हाड वाकडं जुळलं तर जन्माचं लंगडाल. आता सोडू दिलं तर सोनं दिसणार. शेवटी दाजींनी तडजोड केली, न सोडता काय करायचं ते करा. त्या भल्या माणसानं दोन्ही हातांत घोटा धरला, गुडघ्याला पाय लावला आणि असा हिसका दिला की कंडक्टरनं घंटी मारून गाडी थांबवली. चढताना दाजी खोटं लंगडत होते, उतरताना खरं लंगडत होते. पुढं थंडी पडली की तो पाय दुखायचा आणि अक्का शेक देताना विचारायची, "कोणाच्या पाटल्यांपायी ह्यो?"

लग्नात तर ते नवरीच्या मागं खांबासारखे उभे. आमच्या भावकीतल्या एकाही नवरीचा फोटो दाजींशिवाय नाही. नवरा कुठल्या फोटोत नसेल, दाजी सगळ्यांत आहेत, एक हात छातीवर आणि नजर नवरीच्या गळ्यावर. मुलगी सासरी निघाली की आयाबाया तिच्या गळ्यात पडून रडायच्या, आणि मागून दाजींचा समजुतीचा आवाज यायचा, "रडा, रडा, पर जरा गळा सोडून." माझ्या स्वतःच्या लग्नात माझ्या बायकोनं पहिल्यांदा मान वर करून माझ्याऐवजी दाजींकडं बघितलं आणि मला विचारलं, "हे कोण? मघापासून माझ्यावरची नजर काढत नाहीत." मी म्हणालो, "तुझ्यावर नाही, माझ्या आत्याच्या बोरमाळीवर."

मग विद्यापीठाला नवं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. शहरात कर्फ्यू, यष्ट्या बंद, आणि खेड्यापाड्यांत माणसं दलित वस्त्यांवर चालून गेली. घरं जाळली, विहिरी नासवल्या, माणसं मारली. ते करायला बाहेरून कुणी आलं नव्हतं. बांधाला बांध असलेली गावचीच माणसं होती, आणि आमच्या भावकीतलीही त्यांत होती. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच होतं.

आमच्या कंपनीत माल चढवायच्या कामावर शेषराव नावाचा एक जण होता. करमाडच्याही पुढं, जालना रस्त्याला सोडून आत त्याचं गाव. त्या दिवसांत एका सकाळी मी रात्रपाळी संपवून गेटवर आलो तर शेषराव, त्याची बायको गयाबाई आणि त्याची म्हातारी आई गेटला टेकून उभी. रात्रभर रानारानानं चालत आली होती. म्हातारीच्या लुगड्याचा काठ जळून काळा पडला होता. घर गेलं होतं. स्टेशनवर जाऊन मिळेल ती गाडी धरायची आणि मुंबईकडच्या नातेवाइकाकडं पोचायचं, एवढंच ठरलं होतं. शेषराव म्हणाला, वाटेत अडवतात, बायांच्या अंगावरचं ओरबाडून घेतात. म्हातारीनं लुगड्याची पट्टी फाडली, पाठमोरी बसून त्यात काहीतरी बांधलं आणि गाठोडी दाजींपुढं धरली. "दाजी, तुमी लोकाचं नेता म्हणं. माजं ठेवा. चार रोजात येतो माघारी."

दाजी म्हणाले, "गाठ नीट मारा, मावशी." म्हातारीनं दातांनी ओढून गाठ घट्ट केली. दाजींनी ती वर्दीखाली सरकवली. म्हातारी मागं न बघता स्टेशनच्या वाटेला लागली.

चार रोज गेले, महिना गेला. शेषराव कामावर आला नाही. कंपनीनं त्याचं नाव कमी केलं, मुंबईचा पत्ता कुणाला माहीत नव्हता. सगळं जरा निवल्यावर दाजी म्हणाले, "पाव्हणं, त्यांच्या गावाला जाऊन येऊ." मी म्हणालो, दाजी, डोकं ठिकाणावर आहे का? पण अक्कानं माझ्याकडं बघितलं आणि मी चपला घातल्या.

गावात वस्तीच्या जागी राखेचे ढीग आणि उघड्यावर पडलेलं एक जातं. पाराखाली पाच-सहा जण बसले होते. त्यातल्या एकानं विचारलं, "काय काम त्यांच्याकडं?" खरं सांगायची सोय नव्हती. मी मनात काहीतरी जुळवायला लागलो, तोवर दाजी बोलून गेले, "सोयरीक हाय."

घोंगडी खांद्यावर, बोली आमची, आणि हा माणूस सांगतोय त्यांच्याशी सोयरीक आहे. पाराखालची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. इतकं विचित्र उत्तर त्यांनी ऐकलं नसावं, म्हणूनच बहुतेक आम्ही हातीपायी धड सुटलो. एवढंच म्हणाले, "गेले समदे. कुठं ते ठावं नाय." फाट्यावर आल्यावर मी दाजींना वाट्टेल ते बोललो. दुसरं काही सुचलं नाही का तुम्हाला? दाजी म्हणाले, "नाय सुचलं. ज्याची जोखीम आपल्यापाशी, तो सोयराच की."

आम्ही घरी पोचायच्या आधी ही सोयरीक गंगापूरला पोचली. आणि मग बंडीत कुणाचं गाठोडं आहे तेही बाहेर पडलं. दाजींचे थोरले भाऊ आले. चहा न घेता बसले. म्हणाले, "चार माणसांत बसून सांग, खोटं बोललो म्हणून. अन् ते गाठुडं फेकून दे कुठं तरी." दाजी खाली मान घालून म्हणाले, "दादा, खोटं बोललो, ते चार माणसांत काय, चाळीसांत सांगतो. पर गाठुडं फेकाया ते माजं नाय." भाऊ उठले. त्यांनी पुढं ह्या घरात पाऊल ठेवलं नाही.

त्यानंतरचं लग्न आमच्या मावसभावाच्या पोरीचं. दाजी नेहमीप्रमाणं पैठणच्या मावशीकडं गेले. मावशीनं बसायला दिलं, पण फडकं काही आणलं नाही. बराच वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "राग मानू नगा. पर त्या बंडीत त्यांचं हाय म्हणत्यात. तिथंच आमचं कसं ठेवावं? देवाधर्माचा डाग हाय." दाजींना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा म्हणाले, "बंडी येकच हाय, मावशी. पायजे तर तुमचं पायाला बांधून नेतो." मावशी हसली नाही. करमाडच्या आत्यानं निरोप धाडला, आमचं आम्ही आणतो. बघता बघता एकेक खिसा रिकामा झाला. सगळ्यांत वाईट म्हणजे कुणी भांडलं नाही. भांडले असते तर दाजींना बोलायला काहीतरी मिळालं असतं. लग्नात ते जायचे, मांडवाच्या कडेला बसायचे, जेवायचे, यायचे. नवरीच्या मागं उभं राहायचं आता काही कारण उरलं नव्हतं.

उरली ती एकच गाठोडी. तिच्यासाठी मात्र दाजींचं सगळं तसंच चालू राहिलं, मागचा बाक, उघडे डोळे, फुटक्या मण्याची रड. सुट्टी मिळाली की निघायचे. जालन्याला कुणी शेषराव दिसला म्हणे, मनमाडला रेल्वेत कुणी लागलाय म्हणे. मी चिडायचो, कटकट करायचो आणि जायचो. शहरात नामांतराचा मोर्चा निघाला की दाजी रस्त्याच्या कडेला उभे राहून एकेक चेहरा बघायचे. एकदा पोलिसांनी मोर्चावाल्यांसोबत त्यांनाही गाडीत घातलं. साहेबानं विचारलं, "तुमची मागणी काय?" दाजी म्हणाले, "माणूस पायजे." साहेबाला वाटलं, घोषणा आहे. संध्याकाळी सोडून दिलं. मोर्चातल्या पोरांनी त्यांना आपलाच समजून घरापर्यंत आणून पोचवलं आणि जाताना वाकून नमस्कार केला. गल्ली बघत होती. अक्का मात्र खूष दिसली, का ते मला कळलं नाही.

वर्षं गेली. वाळूजला नवे कारखाने आले, कामाला जाणाऱ्यांच्या सायकलींच्या जागी स्कूटरी आल्या, आमच्या भावकीतली पोरं मेंढरं विकून कंपन्यांत लागली. दाजी रिटायर झाले. छातीत कफ दाटायचा, खोकताना ते एका हातानं तोंड झाकायचे आणि दुसऱ्या हातानं बंडी धरायचे. मी एकदा वैतागून म्हणालो, "दाजी, ती म्हातारी आता येत नाही. गयाबाईचं तोंड तरी तुम्हाला आठवतं का?" ते म्हणाले, "नाय आठवत. पर मी दिसलो तर त्यांना तर आठवंल. म्हणून तर हिंडतो."

शेवटी नामांतर झालं. विद्यापीठाच्या गेटवर गावोगावची माणसं लोटली, निळे झेंडे, गुलाल, डोक्यावर पोरं. दाजी पहाटेच उठून बसले होते. "पाव्हणं, समदे येतील आज." आम्ही गेटपासून जरा अलीकडं उभे राहिलो. दाजी येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायला लागले, "शेषराव हाय का, चिकलठाण्याच्या कंपनीतला?" मराठवाड्यात शेषरावांना काय तोटा. दुपारपर्यंत बरेच शेषराव येऊन गेले. एक वकील निघाला, एक ढोल वाजवणारा, एक तर दाजींना आपल्याच गावचे समजून आपल्या घरच्या कटकटी सांगत बसला. ऊन कलायला लागलं तसा दाजींचा आवाज बसत चालला. पांढऱ्या केसांचा एक माणूस समोरून चालला होता. दाजींनी त्यालाही विचारलं. तो थांबला आणि म्हणाला, "मीच की शेषराव." दाजी थकून म्हणाले, "तुमी नव्हं हो. आमचा शेषराव तरणा हाय."

तेवढ्यात मागून एक बाई पुढं आली. तिनं दाजींच्या खांद्यावरची घोंगडी बघितली, छातीवरचा हात बघितला आणि जागेवरच उभी राहिली. "अवो, दाजी हायेत ते. कंपनीतले." ती गयाबाई होती, आणि तो पांढरा माणूस खरंच आमचा शेषराव होता.

शेषरावानं दाजींचे दोन्ही हात धरले. दाजींनी हात सोडवून घेतले, बंडीत घातले, गाठोडी काढली आणि गर्दीत इकडंतिकडं बघत विचारलं, "मावशी कुठं हाय?"

शेषराव म्हणाला, "आई जाऊन लई वरसं झाली, दाजी."

दाजी तिथंच रस्त्याच्या कडेला खाली बसले. इतकी वर्षं हिंडताना त्यांनी सगळं गृहीत धरलं होतं, हे एक धरलं नव्हतं. गाठोडी हातात तशीच. शेषरावानं हात पुढं केला तर दाजींनी मान हलवली. "तुज्या हातनं घेतली नव्हती रं." मला वाटलं, आता हे इथंच बसणार दिवस मावळेपर्यंत, आणि उद्याही. गयाबाई त्यांच्यासमोर बसली. म्हणाली, "आत्याबाई मरंपातुर म्हणायच्या, दाजीकडं हाय. आमी म्हणायचो, म्हातारी येडी झाली. लोक घरं जाळत्यात, अन् हिचा डाग कोण संभाळून ठिवतंय. लई बोललो त्यांना." मग तिनं पदर पसरला. "हात नाय त्यांचा आता. ह्यात टाका."

दाजींनी पदरात गाठोडी ठेवली. गाठ इतकी आवळली होती की गयाबाईला दात लावावे लागले. आत चांदीचं कडं, एक सरी आणि गयाबाईचंच डोरलं. चांदी काळीठिक्कर पडली होती. दाजींनी बघितलं नाही, तोंड फिरवून बसले होते. मग तिनं फडक्यातल्या भाकरी काढल्या आणि आम्ही चौघं तिथंच फुटपाथवर जेवलो.

मला वाटलं होतं, आता दाजी मोकळे होतील. झालं उलटंच. घरी आले ते खाटेवर पडून राहिले. कुठं जाऊ या म्हटलं तर म्हणायचे, "कशाला? नेण्यासारखं काय हाय?" यष्टीचं नाव काढेनात. बंडी खुंटीला टांगलेली. जेवण तुटलं. डॉक्टरनं छातीचं औषध दिलं, पण दुखणं छातीत नव्हतं एवढं मलाही कळत होतं. ह्या माणसाला आयुष्यभर एकच गोष्ट पाहिजे होती, कुणीतरी आपलं काहीतरी विश्वासानं हातात द्यावं. आणि आता देणारं कुणी नव्हतं. भावकीला गाठोडी परत गेल्याचं समजलं होतं, तरी कुणाचं फडकं आलं नाही. मला त्या सगळ्यांचा असा संताप यायचा की काय सांगू.

उन्हाळ्यात गंगापूरला दाजींच्या थोरल्या भावाच्या नातीचं लग्न निघालं. जायला जीप ठरवली होती. दारात सगळी भावकी जमली, बाया आपापलं अंगावर घालून, पदर गच्च ओढून. दाजी धोतर नेसून मुकाट एका बाजूला उभे. अक्का घरातून आली, ती खुंटीवरची बंडी हातात घेऊन. सगळ्यांसमोर तिनं गळ्यातली एकदाणी काढली, पदराच्या टोकाची चिंधी फाडून त्यात बांधली, गाठ मारली आणि दाजींपुढं धरली. जन्मात तिनं आपला डाग त्यांच्याकडं दिला नव्हता. म्हणायची, माझं मी सांभाळीन. आता म्हणाली, "धरा. गर्दीत माज्याच्यानं संभाळत नाय."

दाजींनी तिच्याकडं बघितलं. "अगं, पर म्हातारा झालोय मी."

"मंग मी बी घरीच ऱ्हाते."

दाजींनी हात पुढं केला. माझ्या बायकोनं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली, आणि तिनंही कानातले झुबे काढून दिले. आम्ही थोडं थांबलो. वाटलं, आणखी कुणी देईल. बाकीच्या बायांनी जीपमध्ये जागा धरायला सुरुवात केली. तेवढ्या दोन गाठी छातीशी धरून दाजी गंगापूरला गेले, सबंध वाट माझ्याशी फुटक्या मण्याबद्दल बोलत, आणि नवरीच्या अंगावर त्यांच्या बंडीतलं काही नसताना तिच्या मागं जाऊन उभे राहिले. त्यांना कुणी हटवलं नाही.

त्याच पावसाळ्यात दाजी गेले. आता आमच्यात सगळ्यांकडं स्वतःचं आहे, नवरीला कुणाचं मागावं लागत नाही, आणि कुणी कुणाला देतही नाही. ज्याचं त्याच्या अंगावर. लग्नाला जाताना गाडीत सगळ्या बाया एक हात गळ्याशी धरून बसतात, शेजारच्या सख्ख्या जावेपासूनसुद्धा जरा सरकून, आणि गंगापूर येईपर्यंत कुणी कुणाशी धड बोलत नाही.